गुलाबाचा रोग कोणत्या वाटेनं येतो

श्रावण लागला की इंदूरच्या कॉलन्यांमधल्या गुलाबाच्या ताटव्यांत एकच चित्र दिसतं. खालची पानं पिवळी, त्यांवर काळे डाग, जमिनीवर पानांचा सडा, आणि शेंड्याला कशीबशी दोन-चार फुलं. राजेंद्रनगर असो, सुदामानगर असो की लोकमान्यनगर, बगीचा समितीचं उत्तर ठरलेलं असतं: "माळी भय्यांना सांगा, काहीतरी औषध मारा." ते "काहीतरी" पुष्कळदा कीटकनाशक निघतं. रोग बुरशीचा असतो, आणि कीटकनाशकानं बुरशीचं काहीही बिघडत नाही.

घरच्या कुंडीतला गुलाब आजारी पडला तर नुकसान एका कुंडीचं. कॉलनीच्या ताटव्यात साठ-सत्तर झाडं शेजारी शेजारी असतात, सगळ्यांना एकच पाइप, एकच सिकेटर (छाटणीची कात्री), आणि फुलं तोडणारे हात मात्र वीस. म्हणून इथे रोगाचं नाव कळणं पुरेसं नाही. तो एका झाडावरून दुसऱ्यावर कसा जातो हे कळलं पाहिजे. प्रत्येक रोगाची वाट वेगळी आहे, आणि बऱ्याच वाटा औषधाची बाटली न उघडता बंद करता येतात.

पावसाळ्यातला तो काळा डाग घ्या. याला काळे ठिपके किंवा ब्लॅक स्पॉट म्हणतात. बुरशीचं नाव डिप्लोकार्पन रोझी. पान तोडून उजेडाकडे धरा आणि डागाची कड बघा. कड गुळगुळीत नसते, शाई टीपकागदावर पसरावी तशी झालरीसारखी असते. डाग साधारण दोन मिलिमीटरपासून बारा मिलिमीटरपर्यंत वाढतो, भोवती पान पिवळं पडतं, आणि मग पान गळतं. सुरुवात नेहमी खालून होते. या बुरशीला उगवायला पान सलग सात तास तरी ओलं राहावं लागतं, आणि तिला आवडणारं तापमान अठरा ते चोवीस अंश. मालव्यातली जुलै-ऑगस्टची रात्र तिला अगदी मानवते. लागण झाल्यावर हवामानाप्रमाणे तीन दिवसांत ते दोन आठवड्यांत डाग दिसतो, आणि साधारण दहाव्या दिवसापासून त्यातून नवे बीजाणू, म्हणजे बुरशीचं बारीक बियाणं, तयार होऊ लागतात. म्हणजे पहिल्या डागाकडे पंधरा दिवस दुर्लक्ष केलं की दुसरी पिढी शेजारच्या झाडावर गेलेली असते.

ती जाते कशी, हा खरा मुद्दा. हे बीजाणू चिकट असतात, वाऱ्यानं सहसा उडत नाहीत. पावसाचा थेंब गळलेल्या पानावर आपटतो आणि उडालेल्या शिंतोड्याबरोबर बीजाणू खालच्या पानावर बसतात. पाइपच्या फवाऱ्यानंही तेच होतं. ओल्या झाडांमधून फिरणाऱ्याच्या हाता-कपड्यांनीही तेच. म्हणून पहिलं काम मृगाच्या पावसाआधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात: ताटव्यातलं एकूण एक जुनं पान वेचून काढायचं. मागच्या वर्षीची बुरशी त्या पानांत आणि फांद्यांवरच्या जांभळट चट्ट्यांत टिकून असते. मग जमिनीवर पाच ते सात सेंटिमीटर जाडीचं आच्छादन. मालव्यात सोयाबीनचं कुटार सहज मिळतं, ते चालतं. वाळलेला पालाही चालतो, फक्त तो गुलाबाचा नको. आच्छादन खोडापासून चार बोटं लांब ठेवा, नाहीतर बुंधा कुजतो. आच्छादनाचा फायदा तण रोखण्यापेक्षा शिंतोडे रोखण्यात जास्त आहे, आणि नेमकं हेच बहुतेक ठिकाणी राहून जातं.

दुसरं काम पाण्याचं. नर्मदेचं पाणी येईल तेव्हा पाइप लावायचा, ही आपल्याकडची सवय. संध्याकाळी आलं तर संध्याकाळी, आणि तेही झाडावरून आंघोळ घातल्यासारखं. संध्याकाळी भिजलेलं पान सकाळी उन्हं वर येईपर्यंत ओलं राहतं, म्हणजे बारा तास. बुरशीला सात पुरतात. पाणी टाकीत साठवा, सकाळी द्या, आणि पाइपचं तोंड बुंध्याशी धरा. ठिबक बसवता आलं तर उत्तमच. पण माळी भय्यांना पाइपवरची फवाऱ्याची जाळी काढून ठेवायला सांगितलं तरी मोठा फरक पडतो.

तिसरं, आठवड्याची फेरी. एकाच माणसाकडे एक ताटवा द्या, वार ठरवा, वेळ पानं कोरडी झाल्यानंतरची. गुडघ्याखालची पानं उलटून बघायची, डाग दिसला की पान काढून थेट पिशवीत टाकायचं. जमिनीवर टाकायचं नाही, दुसऱ्या हातात गोळा करत फिरायचं नाही. ज्या झाडावर डाग सापडले त्याला रंगीत दोरा बांधा. पुढच्या आठवड्यात दोऱ्याची झाडं सगळ्यात शेवटी बघायची, म्हणजे आजारी झाड हाताळून निरोगी झाडाला हात लागणार नाही. तिसऱ्या आठवड्यापर्यंत दोरे एका कोपऱ्यात गोळा झालेले दिसले तर त्या कोपऱ्यात काहीतरी आहे: भिंतीची सावली, गळका नळ, किंवा दाटी. हायब्रिड टी जातीच्या झाडांत साठ ते पंचाहत्तर सेंटिमीटर अंतर लागतं, फ्लोरिबंडाला पंचेचाळीस ते साठ. लागवडीच्या दिवशी ताटवा भरलेला दिसावा म्हणून फूटभरावर रोपं लावतात. दोन वर्षांनी त्यातून वारा जात नाही.

पिवळ्या गुलाबांवर हा रोग आधी आणि जास्त येतो. पेर्ने-ड्यूशे या फ्रेंच रोपवाटिकाकारानं १९०० साली 'सोले द'ऑर' ही जात बाजारात आणली. पर्शियन यलो या गुलाबाचा पिवळा रंग तिच्यामार्फत आधुनिक गुलाबांत उतरला आणि त्या रंगाबरोबर काळ्या ठिपक्यांना बळी पडण्याचा स्वभावही. पिवळी फुलं लावू नका असं मी म्हणणार नाही. पण ती ताटव्याच्या कडेला, सकाळचं ऊन मिळेल तिथे लावा, मध्ये दाटीत नको. दोरा बांधलेला नसेल तोवर आठवड्याच्या फेरीत आधी त्यांच्याचकडे बघायचं. डाग पहिल्यांदा तिथेच दिसतो.

जे काळे ठिपके नसतात

पानावर डाग दिसला की सगळे त्याला एकच नाव देतात, आणि तिथून चुका सुरू होतात. डाग गोल, मध्यभागी फिकट राखाडी, कड जांभळी आणि नीट आखलेली असेल तर तो सर्कोस्पोरा या दुसऱ्या बुरशीचा डाग. मधला भाग वाळून भोक पडत असेल तर अँथ्रॅक्नोज या रोगाचा संशय घ्या. उपाय जवळपास तोच, स्वच्छता आणि कोरडं पान, त्यामुळे इथे चुकलं तरी फार बिघडत नाही.

पण नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या, हा रोग नाही. आपल्या काळ्या मातीत चुना जास्त, त्यात बोअरचं जड पाणी. अशा जमिनीत लोह असतं पण मुळांना उचलता येत नाही. हे एका झाडावरून दुसऱ्यावर पसरत नाही, ताटवाभर एकदम दिसतं, आणि बुरशीनाशकानं तसूभर सुधारत नाही. त्याला शेणखत, निचरा आणि चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह, लागतं. काळे ठिपके जुन्या पानांवर खालून वर चढतात, लोहाची उणीव नव्या पानांवर शेंड्याला दिसते. हा एवढा फरक लक्षात ठेवला तरी अर्ध्या फवारण्या वाचतात.

मार्चनंतर पानं तपकिरी-पितळी, धुळकट दिसू लागली आणि पानामागे बारीक जाळी असली तर लाल कोळी. पांढऱ्या कागदावर पान झटका, ठिपके चालू लागतात. तो उन्हाळ्याचा आणि कोरड्या हवेचा शत्रू आहे. पानांच्या मागून सकाळी जोरात पाणी मारलं तर निम्मा वाहून जातो.

आणि कोवळी फूट लालसर असणं हे बहुतेक जातींत अगदी निरोगीपणाचं लक्षण आहे. अमेरिकेत रोझ रोझेट नावाचा विषाणूरोग आहे, त्यात लाल, पिळवटलेली, झाडूसारखी फूट आणि बेसुमार काटे येतात. त्याचे फोटो पाहून घाबरलेले लोक चांगली झाडं उपटतात. पानं उघडल्यावर ती हिरवी होत असतील आणि काटे नेहमीइतकेच असतील तर काही करायचं नाही. जवळपास तणनाशक मारलं असेल तर मात्र तशीच वेडीवाकडी, अरुंद फूट येते. आधी ते विचारा.

थंडीतली भुरी आणि मावठा

भुरी ओळखणं सोपं. पिठी भुरभुरल्यासारखी पांढरी बुरशी कोवळ्या पानांवर, देठांवर, कळीच्या मानेवर. पानं वळतात, कळी उमलत नाही. काळ्या ठिपक्यांशी हिचा स्वभाव अगदी उलट. हिचे बीजाणू वाऱ्यानं उडतात, आणि उगवायला पानावर पाणी लागत नाही. उलट पाण्यात ते नीट उगवत नाहीत. हिला हवी असते गार, दमट रात्र आणि उबदार, कोरडा दिवस. डिसेंबर ते फेब्रुवारी इंदूरला नेमकं हेच असतं. म्हणून भुरीच्या दिवसांत सकाळी नऊ-दहाला पानांवर स्वच्छ पाणी मारून ती दुपारपर्यंत वाळू देणं फायद्याचं. तेच पाणी ऑगस्टमध्ये मारलं तर घात.

छाटणीनंतर युरिया ओतायची घाई भुरीला आमंत्रण देते. नत्रानं फूट लुसलुशीत होते आणि भुरी लुसलुशीत पानांवरच बसते. छाटणीला झाडामागे चार-पाच किलो कुजलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड द्या, नत्राचं खत अगदी बेतानं.

औषध म्हणून पाण्यात विरघळणारं गंधक, ऐंशी टक्के, एका लिटरला दोन ग्रॅम. दर दहा-बारा दिवसांनी. दिवसाचं तापमान बत्तीसच्या वर गेलं की गंधकानं पानं जळतात, त्यामुळे आपल्याकडे हे औषध नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचं. नीमतेल किंवा दुसरं कुठलंही तेल मारलं असेल तर दोन आठवडे गंधक नाही, आणि गंधक मारलं असेल तर दोन आठवडे तेल नाही. भुरी नुकती दिसत असेल तर खाण्याचा सोडा, लिटरला सपाट चमचा म्हणजे पाच ग्रॅम, त्यात दोन-तीन थेंब पातळ साबण, एवढ्यानंही आवरते. सोडा पुन्हा पुन्हा मारत राहू नका. त्यातलं सोडियम जमिनीत साठतं, आणि काळी माती आधीच त्या बाबतीत नाजूक.

मावठा पडला, दोन-तीन दिवस ढग राहिले, तर केवडा (डाउनी मिल्ड्यू) हा रोग येऊ शकतो. पानावर शिरांनी अडवलेले कोनाकोनाचे जांभळे-तपकिरी डाग, आणि हिरवी दिसणारी पानंसुद्धा हात लागताच गळतात. काळ्या ठिपक्यांत पान आधी पिवळं पडतं, इथे तेवढा वेळच मिळत नाही. ऊन पडून हवा तापली की तो आपोआप थांबतो. तांबेरा डोंगराळ, थंड भागात जास्त. इथे त्याची फार धास्ती नको.

शेंडामर: झाड नेणारा रोग

काळ्या ठिपक्यांनी झाड उघडं पडतं, मरत नाही. झाडं मरतात ती शेंडामरनं, ज्याला माळी लोक डायबॅक म्हणतात. छाटलेल्या टोकापासून फांदी काळी-तपकिरी पडत खाली येते, कलमाच्या जोडापर्यंत पोचली की कलम संपलं, मग खालचा रानटी फुटवा वाढतो आणि लोक म्हणतात, "आमचा गुलाब देशी झाला." डिप्लोडियासारख्या बुरशा यामागे असतात. त्या धडधाकट सालीतून शिरत नाहीत, जखमेतून शिरतात. म्हणून या रोगाची वाट माणसाच्या हातातून जाते.

सगळ्यात मोठी जखम ताटव्यात छाटणीची नसते, फूल तोडल्याची असते. गौरी-गणपतीत, नवरात्रात भल्या पहाटे पूजेसाठी फुलं तोडली जातात, नखानं, पिरगाळून. साल सोलून निघते, देठाचं ओबडधोबड टोक ओल्या हवेत उघडं राहतं. पूजेची फुलं बंद करा असं कुणी सांगू नये, आणि सांगितलं तरी कुणी ऐकणार नाही. त्यापेक्षा ताटव्याजवळ एक लहान कात्री साखळीला बांधून टांगा, शेजारी स्पिरिटची छोटी बाटली आणि कापूस. पाच पानांच्या डोळ्यावर (पाच पानांचा झुबका देठाला जिथे जोडलेला असतो, तिथल्या अंकुरावर) तिरपा काप, एवढं काकू-मावशींना एकदा दाखवलं की पुरतं. देवाला वाहणाऱ्यांना झाडाची काळजी असतेच, फक्त कुणी दाखवलेलं नसतं.

मुख्य छाटणी पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याला. कोरडा दिवस निवडा. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर पाव इंचावर तिरपा काप. कापलेल्या फांदीचा गाभा बघा: पांढरा किंवा हिरवट हवा. तपकिरी दिसला तर आणखी खाली, गाभा स्वच्छ दिसेपर्यंत, आणि तिथून दोन इंच आणखी. अर्धवट कापून "थोडं राहू द्या" म्हटलं की डिसेंबरमध्ये तीच फांदी पुन्हा काळी पडते. क्रम निरोगी झाडांपासून आजारीकडे. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना सिकेटरचं पातं सर्जिकल स्पिरिटनं पुसायचं. आजारी झाडावर प्रत्येक कापानंतर. हे माळ्याला वेळखाऊ वाटतं, कारण त्याला त्याच दिवशी आणखी तीन कॉलन्या करायच्या असतात. तोच सिकेटर त्या तीन कॉलन्यांत जातो. म्हणून कॉलनीचा स्वतःचा सिकेटर घ्या आणि तो बाहेर जाऊ देऊ नका. माझ्या मते बगीचा समितीनं पैसे खर्च करायची ही पहिली गोष्ट आहे, औषधाच्याही आधी.

कापांवर त्याच दिवशी बोर्डो मलम. प्रमाण मोरचूद (कॉपर सल्फेट) एक, कळीचा चुना एक, पाणी दहा. साठ-सत्तर झाडांना शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम चुना आणि एक लिटर पाणी पुष्कळ होतं. अर्धा लिटर पाण्यात मोरचूद रात्रभर भिजवा, प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात. लोखंडाचं भांडं मोरचूद खातं. उरलेल्या अर्ध्या लिटरात चुना हळूहळू विरवा, तो उकळतो, तोंड लांब ठेवा. गार झाल्यावर दोन्ही एकत्र ओता, सतत ढवळत. मग एक स्वच्छ लोखंडी खिळा दोन मिनिटं बुडवून काढा. त्यावर तांब्याचा लालसर थर चढला तर चुना कमी पडलाय, थोडा आणखी घाला; नाहीतर मलमच साल जाळेल. ब्रशनं लावा, त्याच दिवशी संपवा. शिळ्या मलमाचा उपयोग नाही.

काळ्या मातीत पावसाळाभर पाणी तुंबलं तर मुळं गुदमरतात आणि अशी अशक्त झाडं शेंडामरला लवकर बळी पडतात. ताटवा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच हवा. ज्यांचा खड्ड्यात आहे, त्यांनी कितीही मलम लावलं तरी दरवर्षी पाच-सहा झाडं जातील.

फवारणी, पाला आणि नवी रोपं

पावसाळ्यातल्या काळ्या ठिपक्यांवर मॅन्कोझेब पंचाहत्तर टक्के, लिटरला दोन ग्रॅम. पंधरा लिटरच्या पंपाला तीस ग्रॅम. ते पानावर थर धरून राहतं, आत शिरत नाही. म्हणजे डाग येण्याआधी मारलं तरच काम करतं, आणि जोराच्या पावसानं धुऊन जातं. उघाड बघून, पानाच्या दोन्ही बाजूंना. रोग वाढला असेल तर एकदा हेक्झाकोनॅझोल पाच टक्के, लिटरला एक मिली, आणि पुढची फवारणी पुन्हा मॅन्कोझेबची. आत शिरणारं एकच औषध सलग मारत राहिलं की बुरशी त्याला सरावते. चमच्यानं मोजू नका, वजनकाटा वापरा. लेबल वाचा, हातमोजे आणि मास्क घाला, मुलं खेळायला यायच्या वेळी फवारू नका. फवारलेल्या ताटव्यावर तारीख लिहिलेली पाटी लावा. आणि गुलकंदासाठी फवारलेल्या झाडाच्या पाकळ्या कधीच नाहीत. त्यासाठी देशी गुलाबाची चार झाडं वेगळ्या कोपऱ्यात, औषधाविना ठेवा.

वेचलेल्या पाल्याचं काय करायचं? इंदूरला कंपोस्टचं वेगळं कौतुक आहे, आणि ते योग्यच आहे. १९२४ साली इथे सुरू झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत, म्हणजे आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागी, अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी बसवलेली पद्धत जगभर इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. पण त्या पद्धतीचा जीव थर, ओल आणि वेळच्या वेळी पलटण्यात आहे. त्यातून ढीग साठ अंशांच्या आसपास तापतो आणि ती बुरशी मरते. कॉलनीच्या कोपऱ्यातला, कुणी न पलटणारा पाल्याचा ढीग तेवढा तापत नाही. तिथे रोगट पानं टाकणं म्हणजे पुढच्या पावसासाठी बियाणं ठेवणं. ढीग खरोखर तापत असेल, हात घातला तर चटका बसत असेल, तरच त्यात मध्यभागी घाला. नाहीतर पिशवीत बांधून निगमच्या गाडीत ओल्या कचऱ्यात द्या. जाळू नका.

नवी रोपं थेट ताटव्यात लावू नका. तीन-चार आठवडे वेगळी, कुंडीत. त्या काळात खालची पानं बघा, आणि कुंडीतून काढून जोडाजवळ व मुळांवर गाठी आहेत का ते बघा. वाटाण्यापासून लिंबाएवढ्या, खडबडीत, आधी फिकट आणि मग लाकडासारख्या गाठी म्हणजे क्राउन गॉल. हा जीवाणूचा रोग, याला औषध नाही. जखमेतून शिरतो, मातीत वर्षानुवर्षं राहतो. ओळखीतून आलेल्या फुकटच्या कलमांबरोबर तो हमखास फिरतो, कारण दिलेलं रोप तपासायचा संकोच वाटतो. देणाऱ्याच्या समोरच कुंडी उलटी करा, त्यात कसला अपमान!

ताटव्यात असं झाड सापडलं तर ते मुळांसकट, भोवतालच्या दीड फूट मातीसकट काढा. कुदळ आणि सिकेटर घरातल्या ब्लीचच्या पाण्यात, एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी, दहा मिनिटं ठेवून स्वच्छ पाण्यानं धुवा आणि तेलाचा हात द्या, नाहीतर गंजतात. त्या जागी किमान दोन वर्षं गुलाब नको. निशिगंध किंवा लिली लावा. एकदलीय झाडांना हा जीवाणू सहसा लागत नाही, आणि निशिगंध पूजेलाही चालतो.